घरांत आलेली कचेरी



मार्च २०२० मध्यें टाळेबंदींत लोकलगाड्या थांबल्या आणि आमच्यांतील कित्येकांची कचेरी घरांत आली. वसई ते चर्चगेट ही रोजची दगदग वांचली, हा लाभ मोठाच होय. परंतु पूर्वीं गाडी पकडावयाची म्हणून तरी काम संपे. आतां जेवणाच्या मेजावर संगणक आणि जपमाळेच्या वेळीं साहेबांचा निरोप! पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालीं ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकांत रविवारच्या विश्रांतीचा आग्रह धरिला. २०२५ सालीं निवडले गेलेल्या चौदाव्या लिओंनीं कृत्रिम बुद्धिमत्तेचा हा काळ ओळखूनच तें नांव घेतलें. यास्तव रविवारीं संगणक मिटलेला असावा, असें मी तरुणांस, आणि अधिक आग्रहानें त्यांच्याकडून काम घेणाऱ्यांस विनवितों. त्यांपैकीं कांहीं याच मंडपांत बसले आहेत.