अकरा मण्यांची माला



१२३४५६५४३२१ ही संख्या पाहावी. एकापासून सहापर्यंत पायरीपायरीने चढणारी आणि तितक्याच शिस्तीने एकापर्यंत उतरणारी. डावीकडून वाचा वा उजवीकडून, तिच्यात फरक पडत नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, जैन गणिती महावीराचार्य यांनी ‘गणितसारसंग्रह’ या संस्कृत ग्रंथात ती गुणाकाराच्या उदाहरणात गुंफली : २७९९४६८१ ला ४४१ ने गुणावे. अशा देखण्या गुणाकारांना त्यांनी कंठातील हाराची उपमा दिली. हाच ग्रंथ १९६३ साली हिंदी अनुवादासह सोलापुरातून, म्हणजे इंदापूर तालुक्याच्या शेजारच्या जिल्ह्यातून, प्रसिद्ध झाला.

प्रथमदर्शनी हा चमत्कार भासतो. परंतु ४४१ हा २१ चा वर्ग आहे, २७९९४६८१ हा ५२९१ चा. आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे १११११११ नव्हे, तर बरोबर सहा एकांची संख्या, १११११1 अशी मोजून पाहावी : १११,१११. तिचा वर्ग म्हणजे ही माला. गुणाकार मांडला की एकांच्या सहा ओळी एकेक घर डावीकडे सरकतात. कडेच्या घरात एकच एक येतो, पुढच्यात दोन, मधल्या घरात सहा. हातचा कोठेही येत नाही, म्हणून मणी ढळत नाही.

नऊ एकांपर्यंत हा क्रम टिकतो. दहा एकांचा वर्ग केला, की मधल्या घराची बेरीज दहा होते, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. त्यात चढत्या बाजूचा आठ हरवलेला आहे. ज्याला कारण समजले, त्यालाच नियम कोठे संपतो हेही समजते.

आपल्या महाराष्ट्रात देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी याच घराण्यातील संख्यांचा ध्यास घेतला. त्यांची कल्पना ज्या रेल्वे स्थानकावर सुचली, त्या डेम्लोचे, म्हणजे आजच्या डोंबिवलीचे, नाव त्यांनी या संख्यांना दिले. पदव्युत्तर शिक्षण नसल्याने अनेकांनी त्यांची उपेक्षा केली. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांच्या लेखाने जगाने त्यांची दखल घेतली.

आज वाहनाच्या शुभ क्रमांकासाठी जादा पैसे मोजणारे पुष्कळ आहेत. त्याच घरातील मूल मात्र ‘गणित आपले काम नव्हे’ म्हणून वही मिटते. संख्येला नमस्कार करण्यापेक्षा तिला प्रश्न विचारावा. महावीराचार्यांना राजाश्रय होता, कापरेकरांपाशी केवळ खडू व फळा होता. हातचा मात्र दोघांनाही एकाच नियमाने धरावा लागला. मुलांनी आज घरी जाऊन पाच एकांचा वर्ग स्वतः मांडावा आणि मधल्या घरात काय येते ते वडीलधाऱ्यांना दाखवावे.