वाकडं चित्र, सरळ मूत्रपिंड

पिंप्राळ्यातल्या श्रोत्यांनी आदल्या रात्री कळण्याची भाकरी आणि भरीत चापलं असेल, तर पोटातल्या वाऱ्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. हाच वारा एमआरआयच्या चित्रात भलता घोळ घालतो.

मूत्रपिंडातलं पाणी पेशींभोवती किती मोकळेपणाने हलतं, हे डिफ्यूजन एमआरआय मोजतो. सुईतून औषध टोचावं लागत नाही. एमआरआयसाठी टोचल्या जाणाऱ्या गॅडोलिनियमच्या काही औषधांचा त्वचा कडक करणाऱ्या गंभीर आजाराशी असलेला संबंध 2006 मध्ये समोर आला. तेव्हापासून मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी ही सोय मोलाची वाटू लागली.

चित्र मात्र झटपट काढावं लागतं. त्याची पद्धत पीटर मॅन्सफिल्ड यांनी 1977 मध्ये मांडली. 2003 मध्ये त्यांना पॉल लॉटरबर यांच्यासोबत नोबेल मिळालं. या घाईची किंमत अशी, की आतड्यातली हवा आणि शेजारचं मांस यांच्या सीमेवर चुंबकक्षेत्र बिघडतं आणि मूत्रपिंड एका दिशेला ताणलेलं किंवा चेपलेलं दिसतं. गंमत म्हणजे 1.5 ऐवजी 3 टेस्ला ताकदीच्या चुंबकाचं महागडं यंत्र वापरलं, तर हा दोष साधारण दुप्पट होतो!

त्यावरची युक्ती सुरेख आहे. तेच चित्र दोनदा घ्यायचं, दुसऱ्यांदा चित्र टिपण्याची दिशा नेमकी उलटी करून. एकात अवयव वर सरकतो, दुसऱ्यात तेवढाच खाली. दोन्हींची तुलना करून संगणक बिघडलेल्या चुंबकक्षेत्राचा नकाशा काढतो आणि प्रत्येक ठिपका मूळ जागी आणतो. मेंदूच्या चित्रांवर ही रीत आधी रुळली. मूत्रपिंड मात्र श्वासागणिक हलतं, म्हणून आधी श्वासाचा ताल जुळवावा लागतो.