व्हीपीएन: भरवसा कुणावर?

फौजेत सीलबंद डाक पाठवताना आम्ही आधी विचारायचो, नेणारा माणूस कोण? व्हीपीएन घेतानाही हेच विचारा.

व्हीपीएन चालू केलं, की तुम्ही कोणत्या साइटवर जाता हे तुमच्या इंटरनेट कंपनीला दिसत नाही. पण व्हीपीएन कंपनीला ते दिसू शकतं. म्हणजे पहारेकरी बदलला, एवढंच.

‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ ही जाहिरात सगळेच करतात. प्युअरव्हीपीएनही करायची, २०१७ मध्ये तिच्याच नोंदी एफबीआयच्या तपासात उपयोगी पडल्या. फेसबुकने ओनावो फुकट वाटलं आणि लोक कोणती अ‍ॅप वापरतात, ते त्यातून पाहिलं. याउलट, एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनचे पोलीस मुलवाड कंपनीत झडतीला गेले आणि रिकाम्या हाती परतले. ग्राहकांची माहिती आम्ही साठवतच नाही, असं कंपनीने त्यांना दाखवून दिलं.

आपल्याकडे सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं-पत्ते किमान ५ वर्षं ठेवायला सांगितलं. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले.

तेव्हा तीन गोष्टी तपासा. कंपनीला पैसा कुठून येतो? तिच्यावर कोणत्या देशाचा कायदा चालतो? तिच्या दाव्याची बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासणी केली आहे का? उत्तरं मिळाली नाहीत, तर ते व्हीपीएन घेऊ नका. आणि स्वतःच्या नावाने लॉगिन केलंत, तर त्या साइटपासून कोणतंही व्हीपीएन तुम्हाला लपवणार नाही.

जय हिंद.