आता या वयात गाणे?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षेप)



मी बँकेतला माणूस. बदली होऊन इथे आलो आणि बेचाळिसाव्या वर्षी गाणे शिकायला बसलो. सहकारी विचारत, "साहेब, आता या वयात कुठे गवई होणार?" प्रश्न रास्त होता. गवई मी झालो नाही, होणारही नाही. गवई न होता जे मिळते, त्याविषयी आज बोलायचे आहे.

त्यासाठी आपले लखनौ फार योग्य गाव. पंडित विष्णू नारायण भातखंडे मुंबईचे वकील. वकिली सोडून ते देशभर हिंडले, उस्तादांकडून चिजा मिळवल्या आणि स्वरलिपीत उतरवून छापल्या. घराण्याबाहेरच्या सामान्य माणसालाही गाणे शिकता यावे, ही तळमळ. १९२६ साली इथे मॅरिस कॉलेज सुरू झाले. तेच आजचे भातखंडे विद्यापीठ. पुढे श्रीकृष्ण रातंजनकर प्राचार्य झाले. त्यांच्याकडे शिकायला के. जी. गिंडे बेळगावकडच्या बैलहोंगलहून आले, तेव्हा ते अकरा वर्षांचे होते! आपण इथे आलो पोटासाठी. गाण्यासाठी आलेलीही माणसे होती.

आता माझा अनुभव. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. पुस्तकात वाचून फरक पाठ होतो: भूपात गंधार वादी, देशकारात धैवत. पण तो कानाला कळायला मला काही वर्षे लागली. एके सकाळी गुरुजी पंचमावरून धैवतावर गेले, तिथे थांबले, आणि भूप कुठल्या कुठे गेला. त्या दिवशी बँकेत जमाखर्च जुळवताना मी उगीचच हसत होतो.

तानपुऱ्याचेही तसेच. जवारी चांगली असेल आणि तारा नीट जुळल्या, तर खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. गंधाराची तार त्यात नसतेच. गाणाऱ्याला तो आपोआप मिळतो, पण ऐकायला कान तयार लागतो.

साठीनंतर माझा आवाज तारषड्जाला पोचेना. काळी दोनवरून काळी एकवर आलो, तरी ओढाताण होई. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? गुरुजी म्हणाले, "वरचे राहू द्या. मंद्र सप्तक कधी नीट पाहिलेत का?" तेव्हापासून पहाटे अर्धा तास खर्ज भरतो. यमनातला मंद्र निषाद इतकी वर्षे वाटेतला थांबा होता. आता तिथेच बसावेसे वाटते.

म्हणून आपल्या मुलांकडे पाहून जीव हळहळतो. विशारदचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि तानपुऱ्यावर गवसणी चढते ती कायमची. सात-आठ वर्षांची मेहनत प्रमाणपत्रात बंद! अभ्यास, नोकऱ्या आहेत, मान्य. रोज वीस मिनिटे तरी निघतील की नाही, हे घरच्यांनीच पाहावे.

दर रविवारी सकाळी सातला आमच्याकडे तानपुरे जुळवून ठेवलेले असतात. परीक्षा झालेल्यांनी यावे, कधीच न शिकलेल्यांनीही यावे. वयाची चौकशी होत नाही. साडेआठला पोहे असतात.