वैद्यकाचे अनेक हात



बारावीचा निकाल लागला, कीं घरोघरीं एकच प्रश्न निघतो: आमच्या मुलाला, आमच्या मुलीला मेडिकलला जागा मिळेल काय? मिळाली तर पेढे वाटले जातात. न मिळाली तर घरांत सुतक पडल्यासारखी शांतता पसरते. २०२४ सालीं ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, आणि एम्. बी. बी. एस्. च्या जागा देशभर मिळून सव्वा लाखाहूनहि कमी होत्या. म्हणजे वीसांतील सुमारें एकोणीस जणांनीं त्या दारावरून परत फिरावें, हें या परीक्षेच्या गणितांतच लिहून ठेविलेलें आहे.

या एकोणिसांनीं काय करावें, हा आजच्या भाषणाचा विषय. कित्येकजण पुनःपुन्हां तीच परीक्षा देत उमेदीचीं वर्षें घालवितात, आणि अखेर आपण कुचकामाचे आहों अशी समजूत करून घेतात. ती समजूत खोटी आहे. रोगनिवारण हें एकट्या डॉक्टरचें काम कधींच नव्हतें. पण हें नुसत्या उपदेशानें पटावयाचें नाहीं. म्हणून एकच रोग उदाहरणादाखल घेऊं. तो रोग म्हणजे क्षय.

रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाच्या जंतूचा शोध २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें जाहीर केला. तथापि जंतु सांपडला म्हणून औषध सांपडलें नाहीं. त्यासाठीं साठ वर्षें जावीं लागलीं. १९४३ सालीं अमेरिकेंत स्ट्रेप्टोमायसिन हातीं आलें. आतां तें खरोखर गुणकारी आहे, हें ठरवावयाचें कसें? कांहीं रोगी औषधावांचूनहि बरे होत, कांहीं औषध घेऊनहि दगावत. इंग्लंडांत तें औषध त्या वेळीं इतकें दुर्मिळ होतें, कीं सर्वांस देणें अशक्यच होतें. तेव्हां १०७ रोगी निवडून, कोणास औषध द्यावयाचें हें डॉक्टरच्या मर्जीवर न सोडतां बंद पाकिटांतील यदृच्छ क्रमानें ठरविण्यांत आलें. एक्स-रे वाचणाऱ्यांस कोणता रोगी कोणत्या गटांतील, हें कळूं दिलें नाहीं. सहा महिन्यांनंतर औषध घेतलेल्या ५५ पैकीं ४ मरण पावले होते. केवळ विश्रांतीवर ठेविलेल्या ५२ पैकीं १४. हा वृत्तांत १९४८ सालीं प्रसिद्ध झाला, आणि औषधांची पारख करण्याची ही रीत पुढें जगभर रूढ झाली.

या चाचणीची आंखणी करणारे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे डॉक्टर नव्हते. त्यांस डॉक्टर व्हावयाचें होतें. परंतु पहिल्या महायुद्धांत वैमानिक असतां त्यांस क्षयानेंच गांठलें, आणि वैद्यकाचें शिक्षण दुरावलें. त्यांनीं टपालाद्वारें अभ्यास करून अर्थशास्त्राची पदवी मिळविली व ते संख्याशास्त्राकडे वळले. पुढें धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध उघड करणाऱ्या प्रसिद्ध संशोधनांतहि, १९५० सालीं, रिचर्ड डॉल यांच्यासमवेत तेच होते.

आतां स्वदेशांतील अलीकडील संशोधन पाहूं. जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चतुर्थांश आज भारतांत आहेत. मंगळूरच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांचे सहकारी यांनीं झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळांत एक मोठी चाचणी केली. तींत २,८०० रोगी होते, आणि त्यांच्या घरांतील १०,३४५ माणसें होतीं. रोग्यांस तर सर्वांनाच औषधाबरोबर पौष्टिक शिधा दिला. घरच्या माणसांपैकीं मात्र एका गटास दरमहा दरमाणशीं पांच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वें दिलीं. दुसऱ्या गटाचा आहार नेहमींचाच राहिला. २०२३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा: शिधा मिळालेल्या घरांत नव्यानें क्षय होण्याचें प्रमाण ३९ टक्क्यांनीं घटलें, फुफ्फुसांच्या जंतुसिद्ध क्षयाचें तर ४८ टक्क्यांनीं. शिवाय, पहिल्या दोन महिन्यांत ज्या रोग्यांचें वजन पांच टक्के वाढलें, त्यांच्यांत मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनीं कमी आढळला.

डाळतांदूळ आणि वजनकांटा! यांत डॉक्टरची बुद्धि नव्हती असें नाहीं; परंतु शिध्याचें प्रमाण आंखणें, तो घरोघरीं पोंचविणें, वजनें नेमकीं घेणें, बेडका तपासणें, दहा हजार माणसांच्या नोंदी सांभाळणें, हीं सारीं कामें निरनिराळ्या शिक्षणाचीं आहेत.

दवाखान्यांतहि तेंच. रोग्यानें बेडक्याऐवजीं नुसती थुंकी आणून दिली, आणि तंत्रज्ञानें ती तशीच कांचेवर घेतली, तर रोग असूनहि ‘नाहीं’ असा अहवाल जातो, व तो मनुष्य आपल्याच पोराबाळांस रोग देत राहतो. ट्रूनॅट या भारतीय यंत्रास २०२० सालीं जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. तें तयार करणाऱ्या कंपनीचें मुख्य ठाणें आपल्या शेजारीं गोव्यांत आहे. बॅटरीवर चालणारें हें यंत्र तासाभरांत उत्तर देतें. पण नमुना घेणारा हात माणसाचाच असतो. क्षयाच्या गोळ्या किती, हें रोग्याच्या वजनावर ठरतें. तो हिशेब औषधतज्ज्ञास चुकून चालत नाहीं. रिफॅम्पिसिन या औषधानें लघवी तांबूस होते. परिचारिकेनें हें आधीं सांगितलें नसेल, तर रोगी भिऊन गोळ्या सोडतो, आणि अर्धवट उपचारांतून औषधाला दाद न देणारा क्षय जन्मास येतो. रोग बरा झाल्यावर दुबळ्या फुफ्फुसांस पुन्हां श्वास घेण्यास शिकवितो तो भौतिकोपचारतज्ज्ञ.

अशा व्यवसायांसाठीं संसदेनें २०२१ सालीं स्वतंत्र कायदा केला. त्यांत दहा वर्ग पाडून पन्नासांहून अधिक व्यवसायांची नोंद केलेली आहे; परिचर्या व औषधनिर्माण यांचे कायदे निराळेच.

पालकांपासून एक गोष्ट लपवूं नये. कित्येक खाजगी रुग्णालयांत परिचारिकेस व तंत्रज्ञास आरंभीं वेतन तुटपुंजें मिळतें, रात्रपाळी चुकत नाहीं, आणि मान डॉक्टरइतका मिळत नाहीं. म्हणून संस्था निवडतांना डोळे उघडे ठेवावे. तिला संबंधित परिषदेची मान्यता आहे काय, तिला चालतें रुग्णालय जोडलेलें आहे काय, तेथें विद्यार्थ्यांस रोग्यांजवळ प्रत्यक्ष काम मिळतें काय, हे तीन प्रश्न फी भरण्यापूर्वीं विचारावे. रंगीत माहितीपत्रकावर विसंबूं नये.

विद्यार्थ्यांनीं आपला कल पाहावा. ज्यास माणसांत राहणें आवडतें त्यानें परिचर्येचा विचार करावा. ज्याची नजर बारीक आणि हात स्थिर, त्यानें प्रयोगशाळेचा. ज्यास जीवशास्त्र नकोसें वाटतें पण गणित गोड लागतें, त्यासहि संख्याशास्त्राच्या मार्गानें या क्षेत्रांत येतां येतें. आणि मुलगा डॉक्टर झाला नाहीं म्हणून आईबापांनीं चारचौघांत खाली मान घालूं नये. तें त्या मुलास परीक्षेंतील अपयशाहून अधिक जड जातें.

या सुटींत ओळखीच्या एखाद्या रुग्णालयांत परवानगी काढून एक दिवस शांतपणें बसावें, आणि एका रोग्यासाठीं दिवसभरांत किती जण खपतात तें मोजावें. त्यांतील कोणाच्या जागीं आपणांस उभें राहावेंसें वाटतें, हें स्वतःशींच ठरवावें, आणि मगच प्रवेशाचा अर्ज भरावा.