खोली ऊबदार कशी ठेवावी?

माझी धाकटी बहीण कॅनडात, माँट्रियलला असते. तिथे जानेवारीत एखाद्या रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. यंदा हिवाळ्यात आमची आई तिच्याकडे जाणार. बहिणीने विचारले, “दादा, आईच्या खोलीत भिंतीतला पंख्याचा हीटर बसवू, की भिंतीच्या पायथ्याशी लावतात तो लांब पट्टीचा?”

पंख्याचा हीटर वीज कमी खातो, असे तिला कोणी सांगितले होते. ते खरे नव्हे. दीड हजार वॉटचा कोणताही हीटर दोन तास सतत चालला, की तीन युनिट वीज जळणारच. आणि दर युनिटामागे उष्णता मिळणार ती सुमारे ८६० किलोकॅलरीच.

मग फरक कशात? पंखा खोली झटकन तापवतो, पण घरघरतो. न्हाणीघराला तो उत्तम. पट्टी सावकाश तापते, पण आवाज करीत नाही. खिडकीच्या काचेवरून गार हवा खाली उतरते. पट्टी खिडकीखाली असली, म्हणजे ती हवा तिथेच तापून वर जाते. आईची झोप सावध, म्हणून मी पट्टी सुचवली. मात्र आधी खिडकीच्या फटी बुजव, आणि पट्टीला पलंग, पडदा किंवा वाळते लुगडे लागू देऊ नकोस, असेही बजावले.

आपल्याकडे थंडीत कोळशाची शेगडी पेटवतात. ती बंद खोलीत ठेवून मात्र कधीही निजू नका. तिचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही येत नाही. निजलेला माणूस उठतच नाही.