पाटी एक, शाळा दोन : हायस्कूल निवडताना



हायस्कूल निवडताना आपण प्रथम संस्थेचे नाव विचारतो. त्यात गैर काही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था आणि बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, ती शिक्षणापासून दूर ठेवलेल्यांसाठीच. परंतु संस्था एक असली म्हणून तिच्या सर्व शाळा सारख्या नसतात. म्हणून नाव ऐकून थांबू नका, तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, शाळा अनुदानित की विनाअनुदानित? एकाच संस्थेची मराठी शाळा अनुदानित आणि इंग्रजी शाळा विनाअनुदानित असू शकते. पाटी एकच, पण एकीकडे शिक्षकांचा पगार शासन देते, तर दुसरीकडे तो पालकांच्या फीमधून निघतो. भोसरी-चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या बापाला ब्रेक मिळाला, तर त्या फीचे काय?

दुसरा प्रश्न, नववीची फी किती? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखीव झाल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून अनेक खासगी शाळांना त्यातून सूट दिली. तो बदल मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला. हक्क वाचला. पण हे मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीत तेच मूल, तोच वर्ग आणि फी मात्र पूर्ण! ती झेपणार नसेल, तर अनुदानित किंवा महापालिकेच्या माध्यमिक शाळेची चौकशी आठवीतच करावी. अनुसूचित जातीच्या नववी-दहावीच्या मुलांना केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. तिने सारी फी भागणार नाही, तरी अर्ज सोडू नये.

तिसरा प्रश्न निकालाचा. फलकावर 'निकाल १०० टक्के' लिहिलेले असते. समजा, दोन्ही शाळांत नववीला ६० मुले होती. एकीतून दहावीला ४२ बसली आणि सर्व पास झाली. निकाल १०० टक्के. दुसरीतून ५८ बसली, ५२ पास झाली. निकाल सुमारे ९० टक्के. फलकावर पहिली शाळा पुढे. पण ६० पैकी पार किती पडली? एकीत ४२, दुसरीत ५२. उरलेली मुले कुठे गेली, हे विचारा. नववीत नापास केली, दाखला देऊन बाहेर काढली, की १७ नंबरचा फॉर्म भरायला लावला? बहुधा ती आपल्याच वस्तीतली असतात. कच्च्या मुलाला दहावीपर्यंत धरून ठेवणारी शाळा, तीच आपली चांगली शाळा.

मित्रांनो, हे काम एकट्या पालकाचे नाही. मंडळाने एक वही करावी. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी परिसरातील शाळांत जाऊन अनुदान, नववीची फी, नववीचा पट आणि दहावीला बसलेली मुले, एवढे चार आकडे दरवर्षी लिहून आणावेत. विहारात ती वही सर्वांसाठी खुली असावी. ज्या आईला शाळेच्या कार्यालयात प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तिच्या वतीने ती वही बोलेल.